पिलबाग, फरक बारा

सावद्याला, केळी पिकवायच्या कोठीत,
बाहेर पंचेचाळीस, आत अठरा,
देवकांत झोपेंनी आम्हाला उलट्या क्रेटवर बसवलं
आणि मोबाईल वेगळ्या क्रेटवर,
खाली घडी घातलेला टॉवेल.
म्हणाले, "इथं आवाज घुमत नाही.
कोठी भरलेली असली की माल सगळं पिऊन घेतो."

त्यांचा पॉडकास्ट रोज पहाटे पावणेपाचला येतो.
नवती. कांदेबाग. वापसी.
रावेरला किती गाड्या लागल्या, दिल्लीला ऊन की धुकं.
सहा मिनिटं. ना संगीत, ना नमस्कार.
बागेत पाणी धरणारे ऐकतात, ब्रोकर ऐकतात,
ट्रकवाले तर दोनदा.

आमच्या बँडचं नाव पिलबाग.
कापलेल्या खोडाच्या बुडाशी जे उगवतं, ते.
फैजपूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही,
पुण्याच्या माणसाला सांगून उपयोग होत नाही.
तिथल्या एकानं, ज्याला यातलं कळतं,
फोनवर तासभर समजावलं होतं:
नाव बदला, शोधलं की केळी येतात.
खरंच येतात.
मी पाहिलंय शोधून, रात्री, वजनकाट्यावर,
दोन गाड्यांच्या मधे पावत्यांची चवड सरकवून.
चाळीस उत्तरं केळी,
एकेचाळिसावं ठिबकची नळी.
आम्ही कुठंच नव्हतो.

तेव्हा रमजान तडवी,
जो ढोल वाजवतो आणि महिन्यातून तीनदा बोलतो,
म्हणाला, "मग केळ्यांतच जाऊ."

झोपेंनी विचारलं ते व्यापारी घड उलटा करून विचारतो तसं.
किती जण?
तिघं.
पैसा कोण घालतं?
मी काट्यावरून, हेमल शिकवण्यांतून.
गाणं किती दिवस टिकतं?

हेमल फेगडे, जी एरवी वाक्यावर वाक्य रचते,
गप्प झाली.
मी बेस वाजवते; मी नुसतीच तार दाबून धरली.
रमजान केळ्यांकडे बघत होता.
कॉम्प्रेसर सुरू झाला. बंद झाला.
मग ते म्हणाले, "वाजवा."

गारव्यानं तारा आखडल्या होत्या, सूर वर चढलेला.
आम्ही म्हटलं, परत करू.
"परत कशाला? बाहेर गाडी भरून रायली."

दुसऱ्या दिवशी पहाटे:
"पिलबाग, नऊशे ऐंशी, फरक बारा.
आणि आता, पिलबाग."
त्याच आवाजात. मधे स्वल्पविरामाएवढी जागा.
आमची शांतता त्यांनी पूर्ण ठेवली होती, अकरा सेकंद,
आणि गाणं कापलं होतं.

सहाशे चार जणांनी भाव ऐकला.
त्यानंतरची रेघ विहिरीत बादली सोडावी तशी खाली.
शेवटी उरले सत्तावीस.
"सत्तावीस क्विंटल म्हटलं तर काहीच नाही," झोपे म्हणाले,
"माणसं म्हटली तर एका टेम्पोत मावत नाहीत."
हे सांत्वन होतं की सौदा,
मला अजून कळलेलं नाही.

आठवड्यानं एक आवाज आला त्यांच्या मोबाईलवर.
आधी इंजिन, मग वारा, कुणी तरी खोकलं.
"भाऊ, बिजासनना घाटमा आयकं.
तुम्हनं गानं अर्धंच लायेल से.
बाकीनं कोठे से?"
मागे हॉर्न, दोनदा.

बाकीचं.
दुसरं कडवं आहे.
तिसरं हेमलनं चार वेळा खोडलंय,
पाचव्यांदा खोडण्यासाठी लिहायला घेतलंय.
रमजाननं तो निरोप सहादा ऐकला,
शब्दांसाठी नव्हे, हॉर्नसाठी,
मांडीवर बोटं चालवत.

मी त्या माणसाला लिहिलं: मंगळवारी.
आणि मग कोठी मागायला झोपेंना फोन केला.
माल आजच निघाला, ते म्हणाले,
कोठी रिकामी आहे, आवाज फार घुमेल,
चालेल का?

काट्यावर गाडी चढत होती.
थांबा, म्हटलं, हिचं वजन घेते आधी.